पेठेतला वाडा: छप्पर गळायला लागल्यापासून कलम २६४च्या (धोकादायक इमारतीच्या) नोटिशीपर्यंत (माहितीचा धागा)

खणवाले

पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांबद्दल इथे दर पावसाळ्यात एक धागा निघतो, त्यावर हळहळ होते, चार फोटो पडतात आणि धागा खाली जातो. हा धागा त्यासाठी नाही. वाडा उभा आहे, मालक आहेत, भाडेकरू आहेत, बिल्डरची माणसं येऊन जायला लागली आहेत, अशा वेळी काय बघायचं, कुठला कागद काढायचा, कुठे काय चुकतं, एवढंच इथे लिहूया. आठवणी कृपया दुसऱ्या धाग्यावर.

सुरुवात माझ्याकडून. वाडा म्हाताऱ्या लाकडामुळे पडतो, असा समज आहे. कोरडं राहिलेलं सागवान दोनशे वर्षं सहज काढतं. शुक्रवार, शनिवार, सदाशिव, कसबा, कुठेही बघा, आधी हरते ती पन्हळ. चौकाच्या चार बाजूंची छपरं जिथे कोपऱ्यात मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ असते. ती गंजते किंवा पानांनी तुंबते आणि पाणी मागे फिरून भिंतीच्या माथ्यावर उतरतं. वाड्याची भिंत दिसायला दीड-दोन फुटी असली तरी ती एकसंध नसते. आतून-बाहेरून विटांचे किंवा दगडाचे दोन थर आणि मध्ये मातीचा भराव. वरून पाणी शिरलं की भराव भिजून खाली बसतो आणि दोन्ही थरांना बाहेर ढकलतो. भिंतीला पोट सुटतं ते असं. त्याच भिंतीत तुळईचं टोक बसवलेलं असतं. ते ओलं राहून आतून कुजतं आणि खोलीतून बघणाऱ्याला तुळई मात्र ठणठणीत दिसते.

म्हणून पहिलं काम छप्पर. हिशोब अवघड नाही. ६ मीटर बाय ९ मीटरचा सोपा (चौकाच्या एका बाजूचा भाग) धरा, उतार ३० अंशांचा. उतारावरचं क्षेत्र भरतं साधारण ६२ चौ.मी. मंगलोरी कौलं चौरस मीटरला १५ धरली तर ९४० कौलं. त्यातली एक तृतीयांश फुटकी असली तरी नवी लागतात तीनशे-सव्वातीनशे, शिवाय आढ्यावरची कोनाची कौलं, थोड्या रिपा आणि नवी पन्हळ. दोन गवंडी, दोन बिगारी यांचं आठवडाभराचं काम. ते मे महिन्यात झालं नाही की सप्टेंबरपर्यंत भिंत गेली समजा.

सिटीसर्व्हे

धाग्याबद्दल आभार. मी कागदांच्या बाजूने लिहितो.

आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र आणि धारकांची नावं बघा. नव्वद टक्के भांडणं त्या नावांच्या रकान्यातच असतात (आकडा माझा, अंदाजाने). पणजोबांचं नाव तसंच, खाली तीन पिढ्यांचे वारस नोंदलेलेच नाहीत, एक शाखा नागपुरात, एक अमेरिकेत. बिल्डरला हीच परिस्थिती मानवते.

पद्धत ठरलेली आहे. अख्खा वाडा विकत घ्यायला तो येतच नाही. लांबच्या एका चुलत भावाचा दोन आणे किंवा चार आणे हिस्सा घेतो. आधी विसार पावती, मग साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार), सोबत कुलमुखत्यारपत्र. पैसे थोडेच दिलेले असतात. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते, ‘हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे’. कोणी कळवत नाही, कारण त्या छोट्या टायपातली नोटीस वाचतं कोण? त्यानंतर वाटपाचा दावा. दावा चालू आहे म्हणून बाकीचे कोणी दुरुस्तीला पैसे घालत नाहीत आणि छप्पर गळत राहतं. काही ठिकाणी तर साठेखतवाला स्वतः एक वीटही रचत नाही. दोन-तीन वर्षं थांबून तो आपले हक्क पुढच्याला चढ्या भावाने देतो. शेजारच्या दोन मिळकतींतही असेच हिस्से घेतलेले असतील तर तिन्ही जोडून मोठा प्लॉट तयार होतो. वीस फुटी तोंडाच्या एका वाड्याला जी किंमत येत नाही ती जोडप्लॉटला येते.

यावर कायद्यात दोन जुने उपाय आहेत, पण कुटुंबांना ते माहीत नसतात. वाटणी न झालेल्या कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने विकत घेतला, तर संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला बाकीच्यांसोबत सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३च्या वाटप कायद्याच्या कलम ४ खाली कुटुंबातला कोणीही हिस्सेदार ‘हा हिस्सा मी घेतो’ असं कोर्टात सांगू शकतो. मग मूल्य ठरवून तो हिस्सा त्याला देण्याचा आदेश कोर्ट देतं. अट एवढीच की घर खरोखर कुटुंबाचं राहतं घर असावं. सगळे बाहेर राहतात, वाडा कुलूपबंद आणि खाली चार दुकानं, अशी स्थिती असेल तर हा मुद्दा दुबळा होतो. एक खोली तरी वापरात ठेवा असं जाणते वकील सांगतात ते याचसाठी.

वारसनोंद करून घ्या. मुलींची नावंही लावा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनंतर ‘बहिणींचं काय, त्या सही देतील’ हे गृहीत धरून केलेले करार पुढे अडकतात.

तिरका_जिना

वाडे वाचवा म्हणणाऱ्यांनी एकदा वरच्या मजल्यावर जाऊन यावं. भिंतीच्या पोटातला दोन फुटी दगडी जिना, पायऱ्या नऊ-दहा इंच उंचीच्या, धरायला दोर. खाली सामाईक संडास. सत्तरीच्या माणसांनी हे किती दिवस करायचं? मालकाला घरपट्टी भाड्यापेक्षा जास्त येते. भाडेकरूला दीड खोली. दोघांनाही नवी इमारत हवी असेल तर त्यात सट्टेबाजी कुठून आली? मला तर क्लस्टरशिवाय (अनेक मिळकती एकत्र करून पुनर्विकास) दुसरा मार्ग दिसत नाही.

खणवाले

तिरका_जिना, मुद्दा बरोबर आहे आणि कोणी नाकारलेला नाही. सगळे वाडे राखण्यासारखे नाहीत. १९६१च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांत जी घाईची बांधकामं झाली तीही आज ‘जुना वाडा’ म्हणूनच मोजली जातात. पण भाडेकरूला चांगलं घर मिळणं वेगळं आणि छप्पर मुद्दाम गळू देऊन त्याला बाहेर काढणं वेगळं. पुढे लिहितोय ते दुसऱ्याबद्दल.

भाडेपावती

भाडेकरूंसाठी. नीट वाचा, कारण नोटीस आल्यावर वेळ मिळत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (लागू ३१ मार्च २०००) च्या कलम १४ प्रमाणे जागा चांगल्या स्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्याने केलं नाही तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ऐकायला छान आहे. आता मर्यादा बघा: एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. भाडं महिना ६० रुपये असेल तर वर्षाचे ७२०, म्हणजे वळते करता येतात १८० रुपये. खणवाल्यांनी वर सांगितलेली पन्हळ तरी येते का त्यात? तरीही नोटीस द्याच. रुपयांसाठी नको, नोंदीसाठी. ‘छप्पर गळतंय हे मालकाला अमुक तारखेला कळवलं होतं’ एवढा कागद पुढे फार कामाला येतो.

भाडं थकू देऊ नका. मालक पावती देत नसेल तर पैसे बँकेतून पाठवा, सोबत पोच मिळणाऱ्या टपालाने पत्र. ‘घेतच नाहीत, मग काय करणार’ म्हणून सात-आठ वर्षं भाडं न दिलेले भाडेकरू थकबाकीच्या दाव्यात जागा घालवून बसतात.

आता सगळ्यात घोळाचा विषय, क्षेत्रफळ. जुन्या पावतीवर चौरस फूट नसतात. ‘दोन खणी खोली व पुढील पडवी’ असं लिहिलेलं असतं. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. ते वाड्यागणिक बदलतं आणि एकाच वाड्यात पुढच्या-मागच्या सोप्यातही बदलतं. बिल्डरचा माणूस टेप लावतो तो भिंतीच्या आतून आतून. पडवी सामाईक म्हणून सोडतो, माळा सोडतो, कोनाड्यांतली जागा सोडतो आणि आकडा निघतो १४० चौ. फूट. बांधकामाच्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे (२०२०ची एकत्रित) जुन्या भाडेकरूयुक्त इमारतीच्या पुनर्विकासात अधिकृत भाडेकरूला किमान २७.८७ चौ.मी., म्हणजे ३०० चौ. फूट चटईक्षेत्र असतं. त्यामुळे छोट्या जागांना फरक पडत नाही असं वाटतं. पण ज्याच्याकडे खरे ३८० आहेत त्याचे ३०० दाखवले की ८० फूट सरळ गेले. म्हणून वाडा उभा असतानाच मोजून घ्या. प्रत्येक खोलीचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर लांबी-रुंदी, दारं-खिडक्या, कोण राहतं. पडवी कोणाच्या एकट्याच्या वापरात आहे तेही. मालक आणि भाडेकरू दोघांची सही आणि तारीख. सोबत करआकारणीचा उतारा (त्यात भोगवटादार म्हणून नाव आहे का बघा), वीजबिल, जुन्यात जुनी पावती.

घाणीचा_चुना

दुरुस्तीबद्दल थोडं, कारण ‘दुरुस्ती केली होती तरी पडला’ हे वाक्य कायम ऐकू येतं. बहुतेक वेळा दुरुस्तीनेच पाडलेला असतो.

एक, सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत श्वास घेते म्हणतात त्याचा साधा अर्थ असा: जोत्यातून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जाते. त्यावर सिमेंट थापलं की ओलीला वाट राहत नाही, ती वर चढत जाते. पूर्वी फूटभर लोणा (ओलीबरोबर येणारे क्षार) असायचा तो चार फुटांवर दिसायला लागतो, सिमेंटचे पापुद्रे सुटतात आणि जाताना विटेचं तोंड घेऊन जातात. मग मालक आणखी जाड सिमेंट मारतो. गिलावा चुन्याचाच करा. भिजवलेला चुना निदान दोन आठवडे मुरलेला, चुना एक भाग आणि वाळू अडीच-तीन भाग, ओलीच्या जागी वाळूतला काही भाग सुरखी (विटांची पूड). एका हाताला अर्धा इंचाहून जाड थर नको. आणि पाणी मारायचं. चुन्याला पाणी नको असं गवंडी सांगतात ते त्यांना सुट्टी हवी असते म्हणून.

दोन, लाकडी तक्तपोशीवर (फळ्यांच्या जमिनीवर) बाथरूम. १.२ बाय १.५ मीटरची मोरी म्हणजे १.८ चौ.मी. त्यावर १० सेंमी काँक्रीट, साडेचारशे किलो. वर १५ सेंमी विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणखी पावणेपाचशे. फरशी आणि दोनशे लिटरचा पिंप वेगळा. टनाच्या वर वजन चार-पाच कड्यांवर (तक्तपोशी पेलणाऱ्या आडव्या लाकडांवर) आणि ते कायम ओलं. शेजारीच हजार लिटरची टाकी चार पायांवर. मंगलोरी कौलांचं अख्खं छप्पर रिपांसकट चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे वजनाच्या हिशोबात त्या मोरीने सतरा-अठरा चौरस मीटर छपराची जागा घेतली. मोरी हवीच असेल तर ती जोत्याला टेकलेल्या स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर, मागच्या बाजूला. वाड्याच्या कड्यांवर नको.

तीन, टेकू. पहिल्या मजल्यावर तुळई वाकली म्हणून पहिल्या मजल्यावरच टेकू लावतात. तो टेकू खालच्या तक्तपोशीवर उभा असतो! वजन गेलं कुठे? टेकू वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात हवेत, तळमजल्यावर घट्ट जमिनीवर जाड फळी टाकून, सव्वा-सव्वा मीटरवर. आणि घट्ट करताना तुळई उचलायची नाही, नुसती पकडायची. शंभर वर्षांची वाकलेली तुळई सरळ करायला गेलात तर भिंतीतलं टोक मोडतं.

कुजलेलं टोक असेल तर अख्खी तुळई बदलायची गरज नसते. टोच्याने टोचत या, कठीण लाकूड लागेपर्यंत. तिथून पुढे किमान दोन-अडीच फूट दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल, आरपार बोल्ट, चॅनेलचं टोक भिंतीत दगडी थाळीवर. लाकूड आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवा, हवा खेळू दे. खांबाचं बूड कुजलं असेल तर तेवढंच कापून तळखडा (खांबाखालचा दगड) वर घेतात.

गोदाकाठ

नाशिकमधून. जुन्या नाशिकातही हुबेहूब हेच चालू आहे. एक प्रश्न: म्हाडाकडून दुरुस्तीला पैसे मिळतात असं ऐकलं, ते कसे मागायचे?

सिटीसर्व्हे

मिळत नाहीत. ते मुंबईच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा उपकर भरणाऱ्या) इमारतींचं. दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ फक्त मुंबई शहर बेटावर, ३० सप्टेंबर १९६९च्या आधीच्या इमारतींसाठी. नाशिक-पुण्यात तसा उपकरही नाही आणि मंडळही नाही. एजंट मुंबईचे कागद दाखवून ‘सरकारी योजना’ म्हणतात, फसू नका.

चौकातला_आड

स्ट्रक्चरल ऑडिट कोणी करतं का? महापालिकेची ३० वर्षांवरच्या इमारतींना नोटीस आली आहे.

घाणीचा_चुना

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ खालची असेल. महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून प्रमाणपत्र लागतं. इंजिनीअर निवडताना एकच विचारा: आतापर्यंत लाकडी सांगाड्याचे किती अहवाल दिले? अहवालात रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिकचे आकडे दिसले तर तो काँक्रीट इमारतीचा साचा आहे, नुसतं नाव बदललं आहे. वाड्यात ना कॉलम काँक्रीटचे ना स्लॅब, हातोडा मारला कशावर?

वाड्याच्या अहवालात काय हवं ते सांगतो. प्रत्येक खांबाला आणि तुळईला क्रमांक देऊन नकाशा. टोच्याने टोचून आणि ठोकून कुठे पोकळ लागलं त्याची नोंद. लाकडातली ओल मीटरने मोजलेली (सतत २० टक्क्यांच्या वर असेल तर कूज चालू आहे किंवा होणार). भिंतींना ओळंबा लावून पोट किती इंच आलं. वाळवीच्या वाटा. तड्यांवर काचपट्ट्या: काचेची पातळ पट्टी तड्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची, त्यावर तारीख लिहायची. दोन-तीन महिन्यांत काच तडकली तर भिंत हलते आहे. नाही तडकली तर तो तडा आजोबांच्या काळचा आहे आणि त्यावरून वाडा धोकादायक ठरवता येत नाही.

शेवटी वर्ग हवा. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडणे, सी-२ए रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ दुरुस्ती. सगळी लढाई सी-१ आणि सी-२ए यांच्यामधल्या रेषेवर असते. नुसतं ‘इमारत जुनी व जीर्ण आहे’ असं वाक्य लिहून सी-१ दिलेला अहवाल आला तर कोणता खांब, कोणती तुळई, किती कूज, असं लेखी विचारा.

भाडेपावती

आणि त्यानंतर येते २६४ची नोटीस. धोकादायक इमारत उतरवून घ्या किंवा आम्ही उतरवू, खर्च मालकाकडून. ही खऱ्या धोक्यासाठीची तरतूद आहे आणि खरा धोका असेल तर बाहेर पडा. कलमं माणसाच्या जिवापेक्षा मोठी नाहीत. पण बाहेर पडताना करायच्या गोष्टी:

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर. ऑडिट अहवालाची प्रत मागायची. मालकाचा अहवाल सी-१ आणि भाडेकरूंचा सी-२ए असा वाद असेल तर तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण पाठवा, अशी मागणी त्याच उत्तरात. पाडण्याआधी महापालिकेच्या माणसासमोर प्रत्येक भाडेकरूच्या जागेची मोजणी आणि त्याचा सही-शिक्क्याचा तक्ता. हे झाल्याशिवाय किल्ली देऊ नका.

‘इमारत पडली की भाडेकरू संपला’ ही पेठेतली सगळ्यात जुनी थाप. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, भाडेपट्ट्यात खालची जमीनही येते, असं स्पष्ट म्हटलं आहे. पण हक्क आहे आणि घर मिळालं यांत दहा-बारा वर्षांचं अंतर पडू शकतं, म्हणून वरचा तक्ता.

पर्यायी जागेचा करार नोंदणीकृतच हवा आणि त्यावर बिल्डरसोबत मालकाचीही सही. नुसता आकडा नको, मंजूर नकाशावर आपली सदनिका रंगवून जोडलेली. तात्पुरत्या जागेचं भाडं किती, कधी, थांबलं तर काय, बँक हमी आहे का. प्रत्येक जण विसरतोच ती गोष्ट: रेरा (बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीचा आणि नियमनाचा कायदा). भूखंड ५०० चौ.मी.पर्यंत असेल किंवा सदनिका ८ पर्यंत असतील तर प्रकल्पाला रेरा नोंदणी लागत नाही. पेठेतले बरेच वाडे त्या ५००च्या आतच बसतात. मग तिथे आपला करार हीच काय ती ढाल.

तिरका_जिना

हे ५००चं माहीत नव्हतं. धन्यवाद. शनिवारवाड्याच्या जवळ असेल तर काय? तिथे परवानगीच मिळत नाही म्हणतात.

सिटीसर्व्हे

तिथलं गणित उलटं आहे. शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक. प्राचीन स्मारक कायद्याच्या २०१०च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. नियंत्रितमध्ये सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी घेऊन बांधकाम होतं. प्रतिबंधितमध्ये नवं बांधकाम नाही आणि पाडून पुन्हा बांधणंही नाही. १६ जून १९९२च्या आधीपासून असलेल्या इमारतीची दुरुस्ती-नूतनीकरण तेवढं होतं, तेही परवानगीने. कायद्यातल्या ‘दुरुस्ती’च्या व्याख्येतून पुनर्बांधणी स्पष्टपणे वगळली आहे.

याचा अर्थ त्या शंभर मीटरमधला वाडा एकदा पडला की मालकाच्या हातात उरते मोकळी जागा, जिच्यावर काही उभं करता येत नाही. भाडेकरूलाही पर्यायी घर त्या जागेवर मिळणार नाही. तरीही तिथले मालक ‘पडू दे, मग बघू’ म्हणत बसतात, कारण दोन गल्ल्या पलीकडच्यांनी तसंच केलेलं असतं! अंतर गुगलवर मोजू नका, स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून मोजलेला अधिकृत नकाशा मागा. आठ-दहा मीटरच्या फरकाने सगळं बदलतं. पाताळेश्वरालाही हाच नियम.

ओसरी_पडवी

वारसा यादीबद्दल कोणीच लिहिलं नाही. महापालिकेच्या यादीत वाडा असेल तर तो पाडता येत नाही ना?

खणवाले

श्रेणीवर आहे. श्रेणी एकमध्ये जवळजवळ हात लावायचा नाही, दोनमध्ये आतले बदल आणि नवा वापर चालतो, तीनमध्ये बरीच सूट. प्रत्येक बदल वारसा संवर्धन समितीसमोर. बांधता न आलेल्या क्षेत्राच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळण्याची सोय आहे, पण त्याचा बाजारभाव आणि फाईलला लागणारा वेळ धरूनच हिशोब करा. यादीत नाव आहे म्हणून कौलं बदलायला कोणी पैसे देत नाही. विश्रामबागवाडा, नानावाडा यांची कामं झाली कारण ते महापालिकेच्याच ताब्यात आहेत. खासगी वाड्याला यादीमुळे मिळते ती मुख्यतः मुदत.

भिडेवाड्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १८४८ साली फुले दांपत्याने जिथे मुलींची शाळा काढली ती वास्तू. मालकी, भाडेकरू, स्मारक यांचं प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं आणि तोवर छप्पर कोणीच बघितलं नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते संपलं, डिसेंबरमध्ये ताबा मिळाला आणि मूळ वाडा उतरवून तिथे नवं स्मारक बांधायचं ठरलं. राखण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. स्मारक व्हायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण त्या भिंती पंचवीस वर्षं आधी कोरड्या ठेवल्या असत्या तर स्मारक त्याच वाड्यात झालं असतं, असं माझं मत.

चौकातला_आड

शेजारचा वाडा पाडायला घेतला आहे. सामाईक भिंत आहे. काय करावं?

घाणीचा_चुना

आज करा, उद्या नको. सामाईक भिंतीत दोन्ही वाड्यांच्या कड्या समोरासमोर बसवलेल्या असतात. पलीकडच्या ओढून काढल्या की भिंतीत दर फुटाला एक भोक पडतं आणि भिंतीची एका बाजूची पकड जाते. तुमच्या बाजूच्या कड्या नुसत्या टेकलेल्या राहतात. त्यामुळे त्यांच्याकडून लेखी घ्या: सामाईक भिंतीतल्या कड्या ओढायच्या नाहीत, भिंतीलगत करवतीने कापायच्या आणि टोकं तिथेच ठेवायची, मग एकेक काढून भोक विटा-चुन्याने बंद करायचं. उतरवणं वरून खाली, हाताने. जेसीबी भिंतीपासून लांब. उघड्या पडलेल्या तोंडाला तिरके टेकू आणि वरून ताडपत्री, कारण ती बाजू कधीच पावसासाठी बांधलेली नव्हती, तिच्यावर गिलावाही नसतो.

खोदाईला जास्त जपा. वाड्याचं जोतं जमिनीखाली तीन ते पाच फूट असतं. यांत्रिक पार्किंगच्या खड्ड्यासाठी ते दहा फूट खाली जातात. लगत सरळ उभा खड्डा घेतला तर जोत्याखालची माती सरकते. खोदाई चार-पाच फुटांच्या तुकड्यांत, एक सोडून एक आणि प्रत्येक तुकड्याला आधार देऊनच पुढचा. वीस वर्षांहून अधिक काळ शेजारच्या जमिनीचा आधार मिळत असेल तर सुखाधिकार कायद्याने तो हक्क तयार होतो. पत्रात तो मुद्दा घाला. पत्राची एक प्रत बांधकाम विभागाला.

आणि काम सुरू व्हायच्या आधी तुमच्या बाजूचे सगळे तडे, फोटोत त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून, टिपून ठेवा. काचपट्ट्या लावा. नंतर ‘हे आधीचंच’ म्हणतात.

ओसरी_पडवी

आणि पाडायचंच ठरलं असेल तर लाकडाचं काय? कंत्राटदार उलट पैसे देतोय.

खणवाले

देणारच. जुनं सागवान, घडीव दगड, नक्षीचे हस्त (खांबावरचे लाकडी आधार), दिंडी दरवाजा, हे सगळं ‘माल’ म्हणून तो उचलतो. सही करण्याआधी मालाची यादी करा: नग, लांबी, जाडी-रुंदी. पंधरा फुटी तुळई ९ बाय ९ इंची म्हणजे साडेआठ घनफूट लाकूड, एकेक मोजलं की ‘उक्ता’ भाव किती कमी होता ते कळतं. हस्त आणि कोरीव पाट करवतीने कापू देऊ नका. खुंट्या-पाचर काढून सांधे सुटतात, वेळ लागतो एवढंच. प्रत्येक नगावर खडूने नाही, रंगाने क्रमांक. नव्या इमारतीच्या प्रवेशात तेच खांब उभे करायचे असतील तर ते करारात लिहून घ्या, क्रमांकांसकट.

चौकातला_आड

पत्र आज देतोय. ताडपत्री किती जाडीची घेऊ?

घाणीचा_चुना

२५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) खाली नको. भिंतीच्या माथ्यावरून निदान तीन फूट अलीकडे येऊ दे आणि खिळे भिंतीत ठोकू नका, वाळूच्या पोत्यांनी दाबा. भिंत आणि ताडपत्री यांच्यामध्ये बांबू टाका, नाहीतर आतून घाम धरतो.